सहाण, डबा आणि एडीएचडी: निदान नुकतंच हातात पडलेल्या आईबाबांसाठी

लेकाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं अवघड जाणारा विकार, असल्याचं निदान झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर काय काय जमलं ते सांगते. सासूबाईंनी दापोलीहून ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलेला कारिवणा (ब्राह्मी म्हणून देतात तो पाला), नणंदेने आणलेली शंखपुष्पीच्या सिरपची बाटली, शेजारच्या काकूंनी दिलेले पावशेर मामरा बदाम, जावेने कुणाकडून तरी मिळवलेली लेबल नसलेली 'बुद्धीची पावडर', आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची पट्टी. मी त्यातल्या चार गोष्टी एकदम सुरू केल्या. पाचव्या दिवशी पोराला जुलाब लागले. कशाने लागले ते आजतागायत कळलेलं नाही, कारण चारही गोष्टी एकाच सकाळी, एकाच वाटीतून गेल्या होत्या.

तर हा लेख त्या आठवड्यातल्या मला लिहिलाय असं समजा. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण गेल्या काही वर्षांत दोघांच्या खोल्यांबाहेर भरपूर बसले आहे आणि या विषयावर मिळेल ते वाचलंय.

आधीच एक सांगते, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. खाण्यापिण्याने एडीएचडी बरा होत नाही. पण ज्या मुलाचं पोट रिकामं आहे, रक्त कमी आहे किंवा झोप अर्धवट आहे, त्याचं आधीच उडणारं लक्ष आणखी उडतं. तेवढी बाजू स्वयंपाकघरातून सावरता येते. बाकीचं काम वर्तन-उपचार, शाळेची मदत आणि गरज असेल तर औषध यांचं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना पहिलं पाऊल म्हणून औषधाऐवजी आईबाबांचंच प्रशिक्षण सांगतात.

पहिली पायरी: निदान पक्कं, आणि त्याच फेरीत रक्त

'फार मस्ती करतो' हे निदान नव्हे. लक्षणं बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ होत असेल तर गणितात काहीतरी अडलंय, किंवा बाईंशी पटत नाहीये. ऐकू कमी येणं, चष्म्याची गरज असणं, थायरॉईड, क्षणभर शून्यात नजर लागणारी बारीक फिट, टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड वाढल्याने रात्रभर घोरणं, या सगळ्यांतून मूल 'लक्ष नसलेलं' दिसू शकतं. घोरणाऱ्या मुलाला ब्राह्मी पाजून काय होणार?

मोठ्या शहरात नसाल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीला गाडी येते त्याच योजनेत, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पाठवतात. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

त्याच फेरीत डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि मेंदूत डोपामिन हे लक्षाशी संबंधित रसायन तयार व्हायला लोह लागतं. २००४ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी ५३ एडीएचडी असलेली आणि २७ नसलेली मुलं तपासली होती. पहिल्या गटात ८४ टक्के मुलांचं फेरिटिन ३० च्या खाली होतं, दुसऱ्या गटात १८ टक्के. अभ्यास लहान आहे, पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतकं ठळक चित्र आलेलं नाही. पण आपल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांना रक्तक्षय आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं, तेव्हा बघून घेतलेलं बरं. आमच्याकडे फेरिटिन ११ निघालं. त्याचे उपचार लोहाच्या औषधाने झाले, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या. स्वतःच्या मनाने लोहाची गोळी देऊ नका आणि ती बाटली लहान भावंडाच्या हाताला लागू देऊ नका. जास्त लोह लहान मुलाला विषासारखं बाधतं.

दुसरी पायरी: एक वही, एका वेळी एकच बदल

दोनशे पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर काय खाल्लं, किती वाजता, कधी झोपला. उजव्या पानावर दोनच गोष्टी: गृहपाठाला बसल्यावर पहिल्यांदा किती मिनिटांनी उठला, आणि दिवसात किती वेळा ओरडावं लागलं. (दुसरा आकडा आपल्याबद्दल असतो हे मला महिन्याभराने कळलं.) कुठलाही बदल करायचा तर एकच करा, निदान तीन आठवडे करा, आणि त्या काळात दुसरं काही सुरू करू नका.

आणि शाळेतल्या बाईंना बदल कोणता केला ते सांगू नका. त्यांना एवढंच विचारा, 'या आठवड्यात कसा होता?' असं का? १९९४ मध्ये अमेरिकेत एक गंमतशीर प्रयोग झाला. काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीय. प्रत्यक्षात दिलं होतं साखर नसलेलं पेय. तरी त्या आयांनी आपलं मूल जास्त चेकाळलेलं असल्याचं नोंदवलं. मूल तेच होतं, बदलली होती आईची नजर. १९९५ मध्ये तोवरचे असे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही साखरेने मुलांचं वागणं बिघडतं असं काही सापडलं नाही. दात किडतात, वजन वाढतं, जेवणाची भूक मरते, म्हणून गोड कमी करा. पण वाढदिवसाहून आल्यावर तो पलंगावर उड्या मारत होता त्याचं खापर केकवर फोडू नका. तिथे वीस मुलं आणि डीजे होता.

तिसरी पायरी: ओट्यावर दोन कप्पे करा

माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची पायरी हीच. घरात आलेली प्रत्येक वस्तू अन्न आहे की औषध, ते आधी ठरवा. माझी घरगुती कसोटी अशी आहे: वाटीने किंवा मुठीने खातो ते अन्न, आणि चिमटीने, थेंबाने, चाटण म्हणून किंवा सहाणेवरच्या वेढ्यांनी मोजतो ते औषध. नाचणी, तूप, बदाम, बांगडा, अळीव, खजूर हे अन्न. वेखंड, भस्म, अर्क, सिरप, गुटी, 'पावडर' हे औषध, मग ते कितीही 'घरचं' असो.

अन्नाच्या कप्प्याला कुणाची परवानगी लागत नाही, वहीत नोंद केली की झालं. औषधाच्या कप्प्यातली प्रत्येक वस्तू मुलाच्या डॉक्टरांना नावानिशी माहीत असली पाहिजे. केशर तेवढं दोन्हीकडे बसतं, त्याच्याबद्दल खाली लिहिते.

चौथी पायरी: सकाळचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम बंद

आपल्याकडे कितीतरी घरांत शाळेच्या आधी मूल कपभर चहात चार बिस्किटं बुडवून खातं आणि निघतं. मीही तेच देत होते. त्यात प्रथिनं जवळपास नाहीत, तास-दीड तासात पोट रिकामं, आणि चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. फेरिटिन कमी असलेल्या मुलाला सकाळी चहा म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं.

त्या जागी जे पोटभरीचं आणि प्रथिनांचं असेल ते द्या. मुगाचं धिरडं, अंडं-पोळी, शेंगदाणे घातलेले पोहे आणि वर लिंबू, नाचणीचं आंबिल आणि मूठभर फुटाणे, कालच्या भाकरीचा काला दह्यात. लिंबू नुसतं चवीला नाही. आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आजीचं बरोबरच होतं.

मूल मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेत असेल तर हा नाश्ता आणखी महत्त्वाचा, कारण या औषधाने दुपारची भूक बऱ्याचदा मरते. डबा तसाच परत येतो. पहिल्या महिन्यात मी त्या डब्यावरून रोज भांडले. मग डॉक्टर म्हणाले, भूक जिथे आहे तिथे जेवण न्या. आता आमच्याकडे गोळीआधी पावणेसातला भरपेट नाश्ता, डब्यात दोन घासांत संपेल असं काहीतरी (गूळ-शेंगदाण्याचा लाडू, पनीर भरलेला छोटा पराठा), पाचला औषध उतरल्यावर दुसरा नाश्ता, आणि रात्री साडेआठला तो तीन पोळ्या खातो. वजन आणि उंची दर तीन-चार महिन्यांनी मोजून वहीत लिहा. दोन वेळा वजन पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना सांगा.

लोहासाठी आमच्याकडे जे खरोखर टिकलं ते अळिवाचे लाडू. बाळंतिणीचे लाडू मुलाला का, म्हणून सासूबाई आधी हसल्या. अर्धी वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे. ते फुगून बुळबुळीत होतात, तेव्हा मुलाला दाखवू नका. दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ, सगळं जाड बुडाच्या कढईत एकत्र करून मंद आचेवर. कडेने सुटायला लागलं आणि कालथ्याला गोळा चिकटून फिरायला लागला की उतरवायचं, वर जायफळ. कोमट असतानाच लिंबाएवढे लाडू वळा. ओल्या खोबऱ्याचे असल्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचे. रोज एक पुरे, जास्त झाले तर पोट ढिलं होतं.

बदामांबद्दल दोन शब्द. भिजवलेले चार-पाच बदाम चांगलंच अन्न आहे. त्यांनी स्मरणशक्ती वाढते हे मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आलोय, आणि अक्रोड मेंदूसारखा दिसतो हा काही पुरावा नव्हे. बदाम परवडत नसतील तर अपराधी वाटून घेऊ नका, शेंगदाण्यात प्रथिनं बदामांपेक्षा थोडी जास्तच असतात. पाच वर्षांखालच्या मुलाला कुठलेही अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

मासे खाणारं घर असेल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. माशांत असतं त्या ओमेगा-३ स्निग्धावर बरेच अभ्यास झालेत. काहींत लक्ष देण्यात अगदी थोडा फायदा दिसला, औषधाच्या तुलनेत खूपच कमी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या सूचना तर एडीएचडीसाठी ओमेगाच्या कॅप्सूल देऊच नका म्हणतात. म्हणून मी महागड्या कॅप्सूल बंद केल्या आणि ते पैसे कोळणीला देते. शाकाहारी घरात जवसाची चटणी आणि अक्रोड आहेत, पण जवसातल्या स्निग्धाचं माशातल्या स्निग्धात रूपांतर शरीर फारच थोडं करतं, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. चटणी मात्र फार छान लागते.

तूप? वरणभातावर घाला. त्यावर वेगळा परिच्छेद लागत नाही.

पाचवी पायरी: पाकिटाची मागची बाजू

रंगांचा मुद्दा खाण्याच्या बाकी सगळ्या दाव्यांपेक्षा जरा भक्कम आहे. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी कृत्रिम रंग आणि चंचलता यांचा संबंध मांडला, तेव्हा बऱ्याच जणांनी तो उडवून लावला. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या साध्या, निदान नसलेल्या मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. चंचलता थोडी वाढलेली दिसली. सगळ्यांत नाही, आणि वाढली तीही थोडीच. पण त्यानंतर २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो' असं छापावं लागतं.

आपल्याकडे तशी सूचना नसते, आकडे असतात. पाकिटामागे '१०२' म्हणजे टारट्राझिन, '११०' सनसेट यलो, '१२२' कारमोझिन, '१२४' पॉन्सो ४आर. '२११' म्हणजे सोडियम बेन्झोएट. हे चार रंग आपल्याकडे ठराविक पदार्थांत, ठराविक मर्यादेत कायदेशीर आहेत. पाकिटाशिवाय मिळणाऱ्या वस्तूंचं मात्र काही सांगता येत नाही. जत्रेतले गुलाबी म्हातारीचे केस, बर्फाच्या गोळ्यावरचं सरबत, रंगीत बडीशेप, शाळेबाहेरची प्लास्टिकच्या नळीतली पेप्सी. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने रंगीत म्हातारीच्या केसांवर आणि गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण नमुन्यांत रोडामाइन-बी सापडला. तो खाण्याचा रंगच नाही.

काय करायचं: तीन आठवडे रंगीत खाऊ पूर्ण बंद, वहीत नोंद, बाईंना न सांगता विचारणा. फरक दिसला तर पुढे चालू ठेवा. नाही दिसला तर वाढदिवसाला जेली खाऊ द्या आणि विषय संपवा. आमच्या लेकात काडीचा फरक पडला नाही. मैत्रिणीच्या मुलीत पडला, निदान तिच्या बाईंचं तसं म्हणणं आहे.

यापुढे जाऊन दूध बंद, गहू बंद, अंडी बंद असं करू नका. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये मोजकेच पदार्थ ठेवून एक मोठा प्रयोग झाला आणि निकाल चांगले आले. पण मुलांना काय खायला मिळतंय हे आईबापांना ठाऊक होतं, आणि वर साखरेची गोष्ट वाचलीत ना? आधीच भूक मेलेल्या मुलाचं ताट आणखी रिकामं करायचं असेल तर सोबत आहारतज्ज्ञ हवाच.

सहावी पायरी: बाटल्या, पुड्या आणि सहाण

आता दुसरा कप्पा. इथे घाई करू नका.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधासोबत ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस, आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा). शंखपुष्पीला त्यात विशेष मान आहे. एडीएचडी हा शब्द तिथे अर्थातच नाही. म्हणजे परंपरा जुनी आणि खरी आहे, पण ती 'बुद्धी वाढावी' यासाठी आहे. या विशिष्ट विकारावर तिची परीक्षा आत्ता कुठे होते आहे.

ब्राह्मीपासून सुरू करू, कारण ती प्रत्येक घरात येते. पहिला गोंधळ नावाचा. सासूबाईंच्या परसात पाटाच्या कडेने पसरतो तो कारिवणा: रुपयाच्या नाण्याएवढं गोल पान, देठापाशी खाच. ही चरकातली मंडूकपर्णी. दुकानदार तिलाच ब्राह्मी म्हणतो. दुसरी नीरब्राह्मी: पान बारीक, जाडसर, मांसल, फूल पांढरट-जांभळं. कॅप्सूलमध्ये बहुतेकदा हिचाच अर्क असतो. दोन वेगळ्या वनस्पती, दोन वेगळी द्रव्यं. तेव्हा 'ब्राह्मी देतेय' असं डॉक्टरांना सांगून भागत नाही, कोणती ते सांगावं लागतं. नीरब्राह्मीच्या अर्कावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने बरंच काम केलंय. तोच अर्क ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वर्षांच्या चंचल मुलग्यांना १४ आठवडे देऊन पाहिला. वागण्यात, खोट्या गोळीच्या तुलनेत, फरक आला नाही. मेंदूच्या काही कसोट्यांत चुका थोड्या कमी झाल्या. त्रास म्हणाल तर मुख्य पोटाचा: मळमळ, जुलाब. (आमच्या त्या पाचव्या दिवसाचा माझा पहिला संशय आमच्या 'ब्राह्मी'वरच, म्हणजे कारिवण्यावर आहे, पण चौघांपैकी एकावर आरोप ठेवायला पुरावा नाही.) कारिवण्याची ओल्या खोबऱ्याबरोबर वाटलेली चटणी मात्र कोकणात जेवणात असतेच. ती अन्नाच्या कप्प्यात, चमचाभर, खुशाल.

शंखपुष्पीचं सिरप निरुपद्रवी वाटतं, गोड असतं, मुलं मागून पितात. एडीएचडीच्या काही मुलांना फिट्सही येतात, आणि नेमकी तिथे अडचण आहे. फिट्सवरचं फेनिटॉइन आणि शंखपुष्पीचं औषध एकत्र घेतलं तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली येते आणि आटोक्यात आलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. हे मुंबईतल्याच संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेलं आहे. मुलाला कुठलंही कायमचं औषध चालू असेल तर सिरपची बाटली फडताळात ठेवा आणि आधी फोन करा.

सुवर्णप्राशन पुष्य नक्षत्राला रांगा लावून देतात. काश्यपसंहितेत सोनं पाण्याबरोबर दगडावर उगाळून मध-तुपातून चाटवायला सांगितलंय, महिनाभर दिलं तर मूल मेधावी होतं आणि सहा महिने दिलं तर ऐकलेलं लक्षात ठेवणारं. शिबिरातल्या थेंबांत काय आहे, सोन्याचं भस्म किती, कुणी बनवलं, हे विचारा. उत्तर म्हणून छापील लेबल मिळालं तर पुढे बोलू. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, मग तो कुठल्याही प्राशनातला असो.

वेखंड बाळगुटीतलं जुनं. वाचा फुटावी, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून सहाणेवर एखादा वेढा. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. जास्त झालं तर उलट्या होतात. सासूबाईंचा वेढा त्यांच्या हाताला माहीत होता. माझ्या हाताला तो माहीत नाही, म्हणून मी उगाळत नाही.

आणि भस्मं, रसौषधी (पारा-धातू घातलेली औषधं), लेबल नसलेल्या पुड्या. २००३ मध्ये बॉस्टनच्या आसपासच्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. परदेशातल्या भाचरांसाठी बॅगेत पुड्या नेणाऱ्या मावश्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिशाने मुलांच्या मेंदूला होणारी इजा म्हणजे काय, तर बुद्ध्यांक घसरणं, लक्ष न लागणं, आवर न राहणं. ज्या तक्रारीसाठी पुडी आणली तीच पुडीने वाढायची! जावेची पावडर मी वैद्यांकडे नेली होती. त्यांनी कागदावर घेऊन बोटाने चोळली, वास घेतला आणि म्हणाले, 'यात काय आहे ते मी सांगू शकत नाही, मग पोराला कशी देऊ?' असा वैद्य मिळाला तर सोडू नका.

राहिलं केशर. २०१९ मध्ये इराणमध्ये ५४ मुलांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना केशराच्या कॅप्सूल, निम्म्यांना मेथिलफेनिडेट, आणि दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी आली. ऐकायला मोठं वाटतं. पण मुलं थोडी, काळ थोडा, आणि ज्यांना काहीच दिलं नाही असा तिसरा गटच नव्हता. दुधात चार काड्या घाला, रंग सुंदर येतो. त्यावर भरवसा ठेवून गोळी बंद करू नका.

वैद्यांकडे जायचंच असेल, आणि जायला काही हरकत नाही, तर नोंदणी असलेल्या, मुलांवर उपचार करणाऱ्या वैद्यांकडे जा. जाताना डॉक्टरांचे कागद न्या, येताना वैद्यांचा कागद डॉक्टरांना दाखवा. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत हवी. 'गोळ्या आजच बंद करा, मग मी बघतो' असं कुणीही म्हणालं तर उठा. उलट्या, अंगावर पुरळ, डोळे पिवळे, खूप गुंगी, यातलं काही दिसलं तर द्यायचं थांबवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा.

सातवी पायरी: घरातली मोठी माणसं

'तुझ्या नवऱ्याला मी रोज सहाणेवर उगाळून दिलं, म्हणून तो इंजिनियर झाला,' सासूबाई म्हणाल्या.

'आई, गाडीची किल्ली अजून फ्रिजमध्ये ठेवतात ते.'

त्या हसल्या, मीही हसले. हा विकार घराण्यात उतरतो हे डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, आणि तेव्हा आम्ही दोघींनी एकाच माणसाकडे पाहिलं होतं.

भांडून काही होत नाही. त्यांना उपाय करायचा असतो, तर उपायाचं काम द्या. आमच्याकडे अन्नाचा अख्खा कप्पा सासूबाईंकडे आहे: लाडू त्यांचे, जवसाची चटणी त्यांची, बांगडा त्यांच्या हातचा. दुसरा कप्पा माझ्याकडे. त्या दापोलीला गेल्या की फोनवर पहिला प्रश्न असतो, 'अळीव भिजत घातलेस का?' त्यानंतर अभ्यासाचं विचारतात.

वही आता तिसरी चालू आहे. परवाच्या डाव्या पानावर लिहिलंय: पावणेसात, दोन धिरडी, अर्धं टाकलं, अर्धं कुत्र्याला. उजव्या पानावर: बावीस मिनिटं.